रुमालात बांधलेली घुंगरं

"आवाज चढव, माधुरी. बिबट्या उत्तरं तपासत नाही. माणसं येताहेत, एवढंच त्याला कळलं पाहिजे."

विहारात सतरंज्या अंथरताना माधुरीच्या कानात सासऱ्यांचा तो आवाज घुमत होता. गेल्या वर्षी थंडीतल्या एका पहाटे ती त्यांच्याबरोबर, सीताराम गुरुजींबरोबर, आरेच्या जंगलातल्या पाड्यावर गेली होती. पुढे गुडघ्याला पट्टा बांधलेले गुरुजी, मागे दप्तरं पाठीला लावलेली पोरं आणि शेवटी ती. पाड्यापासून बसच्या थांब्यापर्यंतचा रस्ता झाडीतून जायचा. शाळा सकाळची, त्यामुळे थंडीत अंधारातच निघावं लागे. पोरांचे आईबाप त्याआधीच तबेल्यांवर नाहीतर मरोळच्या सोसायट्यांत झाडूपोच्याला गेलेले. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी हे काम कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. हातात घुंगुरकाठी, तोंडात पाढे, आणि मागे पोरांचा कोरस. बेचा पाढा म्हणतानासुद्धा माधुरीचा आवाज ओठांच्या आतच राहिला, तेव्हा ते वळून हसले होते.

मग यंदा ते पडले. पाड्याच्या रस्त्यावरच्या मोरीजवळ, अंधारात. खुब्याचं हाड मोडलं, आणि हॉस्पिटलात पडल्या पडल्या छाती भरली. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं तोंड पुसायला ती वाकली, तर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"पोरांचा नेम मोडू देऊ नकोस."

"नाही मोडणार, बाबा," ती म्हणाली होती.

नेम म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं. रोज पहाटे अंघोळ करून ती बुद्धमूर्तीपुढे बसे, पंचशील घेई, पौर्णिमेला अष्टशील पाळी. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून त्यात खंड नव्हता. पण गुरुजी गेल्यापासून चौथ्या शीलापाशी तिची जीभ अडे. खोटं बोलणार नाही, असं रोज म्हणायचं, आणि मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द तसाच पडलेला. दुखवट्याच्या घरातून सून पहाटे रानात कशी जाणार, असं सगळे म्हणत होते. गेलेल्याच्या नावानं वंदना, दान, जेवण, ते पुण्यानुमोदन होऊ दे, मग बघू. आज रविवार. आज पुण्यानुमोदन होतं.

"हा फोटो कुणी दिला?"

दारातून आवाज आला तशी ती दचकली. मोठे दीर चंद्रप्रकाश मुलुंडहून फुलांच्या पिशव्या घेऊन आले होते. पिशव्या हातातच होत्या, आणि नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली. श्यामसुंदरभाऊंच्या पोरांनी सकाळीच तिथं बॅनर लावला होता. भाऊ या वॉर्डातून उभं राहायची तयारी करत होते, त्यामुळे एका बाजूला ते हात जोडून, आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच मोठे गुरुजी. कानटोपी, मफलर, आणि हातात घुंगुरकाठी.

"मी दिला," संघमित्रा म्हणाली. गुरुजींची ही मुलगी घाटकोपरला राहायची. तिच्या तोंडाला लागायला तिच्या ऑफिसातले साहेबही घाबरत. "छान आलाय ना?"

"काढ तो. आत्ताच्या आत्ता."

"का काढू?"

"विहार आहे हे. या भिंतीवर ती काठी लागणार नाही."

"भिंतीवर बाबा लागलेत, दादा. काठी त्यांच्या हातात आहे, त्याला मी काय करू? कापून टाकू?"

"काप."

"अरे वा! मग बाबांचा हातच काप ना. तेवढंच राहिलंय तुझं करायचं."

चंद्रप्रकाशनी पिशव्या खाली टाकल्या. एक खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि बॅनरचा एक कोपरा खेचला. दोरी तुटली. गुरुजी कमरेत दुमडले आणि भिंतीला लोंबकळू लागले. श्यामसुंदरभाऊ मात्र शाबूत हसत राहिले.

"खाली उतर, चंदर."

माधुरीच्या सासू सुंदराबाई दारात उभ्या होत्या. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. गुरुजी गेल्यापासून त्या मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. पण चंद्रप्रकाश उतरले.

"दोघंबी माझ्या डोळ्यांपुढनं हला. लोक यायची येळ झाली. टेबलावर त्यांचा साधा फोटू हाय, त्यो बास." मग त्या बॅनर लावणाऱ्या पोराकडे वळल्या. "आणि बाबा, ह्या हात जोडल्याल्याला कशाला आणला? त्यो कुठं मेलाय?"

पोरगा ओशाळला आणि बॅनर गुंडाळू लागला. कुणाला हसू आलं नाही.

वंदना झाली. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, मेणबत्त्या तेवत राहिल्या, आणि माधुरी पुन्हा चौथ्या शीलापाशी गप्प बसली. नंतर भाषणं सुरू झाली. गुरुजींच्या शाळेतले शिक्षक बोलले, वस्तीतलं मंडळ बोललं. मग श्यामसुंदरभाऊ उठले.

"गुरुजी म्हणजे शांतीचा सागर," ते म्हणाले. "आयुष्यात त्यांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही."

सुंदराबाईंनी शेजारी बसलेल्या माधुरीकडे पाहिलं. "कुणाचं सांगतोय ह्यो?" त्या पुटपुटल्या. "पोरानं पाढा चुकवला की ह्यांची हाक पार तबेल्यापतुर जायची."

"म्हणून मी आज जाहीर करतो," भाऊ म्हणाले, "आरेच्या रस्त्यावर, गुरुजी जिथून रोज जायचे तिथं, त्यांच्या नावाची भव्य कमान उभी राहील!"

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत मागच्या रांगेतून एक बाई उठली. पाड्यावरची सरूबाई. बरोबर नातही होती, रविवार असून शाळेच्या गणवेशात.

"कमान चांगली हाय, साहेब," सरूबाई म्हणाली. "पण बिबट्या कमानीखालनं येत नाही."

मागे दोघंतिघं हसले.

"माझं लांबण नाही. गुरुजी गेल्यापासून आमची पोरं घरात हायेत. ही रोज दप्तर भरते आणि उंबऱ्यात बसते. हिची आई पहाटेच कामावर जाते, माझ्यानं एवढं चालवत नाही. उद्या सोमवार. कोण येणार, तेवढं सांगा. म्हणजे मी जाते."

"आपण त्याचा पाठपुरावा करू, मावशी," भाऊ म्हणाले. "वरपर्यंत करू."

"वरपर्यंत नको. थांब्यापर्यंतच जायचंय."

आता जास्त लोक हसले. माधुरीला वाटलं, हीच वेळ. ती उठली. तोंड उघडलं. 'मी येते,' हे दोनच शब्द होते, पण पंखे, हसू आणि खुर्च्यांचा आवाज यांत ते तिच्या स्वतःच्याच कानापर्यंत पोचले नाहीत. तिच्यासमोर चंद्रप्रकाश उठून उभे राहिले होते.

"कुणी येणार नाही," ते म्हणाले.

सरूबाई त्यांच्याकडे वळली.

"मावशी, राग मानू नका. माझे वडील त्या रस्त्यावर पडले आणि गेले. तिथं दिवे लावणं, पाड्यापर्यंत गाडी आणणं हे ज्यांचं काम आहे, त्यांच्या दारात मी तुमच्याबरोबर येऊन बसतो. अर्ज करू, मोर्चा काढू. पण आमच्या घरातलं माणूस पुन्हा अंधारात काठी वाजवत दुसऱ्यांसाठी वाट जागवणार नाही. आमच्या तीन पिढ्यांनी ते केलंय. पुरे झालं."

"दुसऱ्यांसाठी?" सरूबाई म्हणाली. तिनं नातीचा हात धरला. "गुरुजी आम्हाला दुसरं म्हणत नव्हते."

त्या दोघी निघाल्या. दारात मिथुन, सुंदराबाईंचा धाकटा मुलगा आणि माधुरीचा नवरा, जेवणाची पानं मांडत होता. "मावशी, जेवून जा," तो म्हणाला. सरूबाईनं मान हलवली, आणि चपला घातल्या.

सुंदराबाईंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, की माधुरीला तिकडे बघवेना.

जेवणावळ उरकली, खुर्च्या गेल्या. वर तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सुंदराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोरचं ताट तसंच होतं.

"आई, दोन घास खा," चंद्रप्रकाश म्हणाले.

"आज ज्यांच्या नावानं दान करायचं, त्यांची मानसं उपाशी गेली दारातनं. मी कशी खाऊ?"

"मी त्यांना हाकललं नाही."

"न्हाय. तू निस्तं दार लावलंस."

संघमित्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिनं हातातला पेला खाली ठेवला. "काठी कुठाय, दादा?"

चंद्रप्रकाशनी ताट आईकडे सरकवलं.

"विचारतेय मी. दिवाळीच्या आधी तू आलास आणि काठी उचलून नेलीस. बाबा पडले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं, माहितेय? काही नव्हतं. रिकामे हात. गुडघा असा, रस्ता तसा, आणि टेकायला काही नाही. तू नेली नसतीस तर ते पडले असते का रे?"

"संघमित्रा!" मिथुन म्हणाला.

"तू गप. कुणीतरी बोलायला हवं ना? बॅनर फाडतोय! लाज वाटते का याला?"

लाज. चंद्रप्रकाशना तो शब्द कानशिलात बसल्यासारखा लागला. त्यांना जे सांगायचं होतं त्याचं नाव लाजच होतं. पण ते या पोरीला कसं सांगायचं? ती मुंबईत वाढली. दरवर्षी सुट्टीत गावी जायचे ते चंद्रप्रकाश. त्यांचे आजोबा रामचंद्र गावचे येसकर. पाटलाचा सांगावा घेऊन पुढे पळायचं, रात्री वेशीत जागायचं, आणि येताना घुंगुरकाठी वाजवायची, म्हणजे लोकांना कळावं, येसकर येतोय, सावली पडायची, बाजूला व्हा. दीक्षा घेऊन गावी परतले त्याच संध्याकाळी आजोबांनी ती काठी चुलीत घातली होती. सकाळी राखेत पितळेची काळवंडलेली घुंगरं सापडली. लहानग्या सीतारामनं एक उचललं, तर आजोबांनी त्याच्या हातावर फटका मारला होता. ही गोष्ट या घरात पोरं दुधाबरोबर प्यायली होती.

पण चंद्रप्रकाशची एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. एका सुट्टीत गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यानं त्यांना जवळ बोलावलं, वेताच्या काठीला बैलाची घुंगरं बांधली आणि त्यांच्या हातात दिली. "घे, तुझ्या आज्याची. पळून दाखव." ते पळाले होते. मोठ्या आनंदात, पारापासून वेशीपर्यंत, घुंगरं वाजवत. सगळे हसत होते, आणि त्यांना वाटलं, आपल्या पळण्याचं कौतुक होतंय.

"बँकेत माझ्या शेजारी बसतो तो एक," ते आता म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "त्याच्या मोबाइलवर कुणीतरी बाबांचा व्हिडिओ पाठवला. पोरं, पाढे, काठी. तो मला दाखवतो आणि म्हणतो, 'चांगलं आहे हो. तुमच्यात हे परंपरेनंच असतं ना?' हसून म्हणाला. चहा पिता पिता. मी काय करायला हवं होतं, संघमित्रा? तू सांग. तुझं तोंड फार चालतं."

संघमित्राचं तोंड उघडं होतं. तिनं ते मिटलं. मग म्हणाली, "त्याच्या कानाखाली वाजवायची होतीस. बाबांची काठी कशाला नेलीस?"

"कारण बाबांना काही वाटत नव्हतं! आजोबांनी जी जाळली, ती यांनी पैसे मोजून बाजारातून आणली. वरून घुंगरं बांधून घेतली. मी विचारलं तर काय म्हणाले, 'वाजणारी काठी आहे, तिला जात नसते.' म्हणे जात नसते!"

"तेवढंच न्हाय म्हणले ते," सुंदराबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"तुला तेवढंच ऐकू आलं, चंदर. तू तरातरा खाली गेलास काठी घेऊन. मागनं काय बोलले, ते मी ऐकलं. 'माझ्या बापाच्या हातात गावानं दिली होती. ही मी घेतली.' असं म्हणले. आणि मंग गप बसले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पण डोळे कोरडे होते. "मी म्हणलं, दुसरी आणा. बाजारात काय तोटा हाय? साधी आणा, बिनघुंगराची. तर न्हाय म्हणले. 'चंदरला लागलंय कुठंतरी. काय लागलंय, ते त्यो सांगत न्हाय. त्याच्या हातनं परत येईल, तवाच घेईन.' रोज पहाटे मी दार लावायची, आणि रोज म्हणायची, रिकाम्या हातानं जाऊ नका. तुला फोन करते म्हणलं तर मला गप केलं."

"मला सांगितलं नाहीस," चंद्रप्रकाश म्हणाले.

"तू इचारलंस? मुलुंडवरनं किती लांब हाय मरोळ? ते तुझी वाट बघत पडले, आणि तू त्यांच्या सभेत उभा ऱ्हाऊन त्यांच्या पोरांना न्हाय म्हणालास!" सुंदराबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि तू गं? लई काठी काठी करतीस. एक दिवस तरी बापासंगट गेलीस पहाटंची? फोटू मात्र दिलास!"

संघमित्रा भिंतीकडे बघू लागली. चंद्रप्रकाश खुर्चीत बसले ते अशा तऱ्हेनं, की पुन्हा उठता येईल की नाही, असं वाटावं.

माधुरी म्हणाली, "उद्या मी जाणार आहे."

कुणालाच ऐकू आलं नाही. मिथुननं फक्त विचारलं, "काय?"

तिनं श्वास घेतला. "उद्या पहाटे पाड्यावर मी जाणार आहे. पोरांना आणायला."

आणि मग ते झालं, ज्याची तिनं कल्पना केली नव्हती. दिवसभर एकमेकांचे गळे धरणारे भाऊ-बहीण एका बाजूला झाले.

"वेड लागलं का गं वहिनी?" संघमित्रा म्हणाली. "एकटी बाई, त्या अंधारात? बिबट्या राहिला बाजूला, माणसांचं काय?"

"बरोबर बोलतेय ती," चंद्रप्रकाश म्हणाले. "माधुरी, तुझं मन चांगलं आहे. पण हे बाईमाणसाचं काम नाही."

"माझी रात्रपाळी असते," मिथुन म्हणाला. तो विमानतळावर मालाच्या गोदामात होता, सकाळी उशिरा परतायचा. "मी घरी नसणार, आणि तू रानात. आपल्या ओजसला कोण उठवणार? त्याचा डबा?"

"आई आहेत," माधुरी म्हणाली.

"आणि आवाज?" संघमित्रा हसली. त्यात दुष्टपणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. "अगं, तू भाजीवाल्याला हाक मारतेस तर तो पुढच्या बिल्डिंगला गेलेला असतो. बिबट्याला काय, कानात सांगणार?"

माधुरीचे कान तापले. एरवी ती इथं थांबली असती. कुणाला दुखवायचं नाही, वाद वाढवायचा नाही, तोंडातून कठोर शब्द काढायचा नाही, हे तिनं इतकी वर्षं जपलं होतं. आता तिला पहिल्यांदाच वाटलं, की या घरानं तिच्या मऊपणाची उशी केलीय, आणि सगळे तिच्यावर डोकं ठेवून बिनघोर झोपतात.

"ताई, हॉस्पिटलात बाबांचं तोंड मी पुसत होते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं बाहेर, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं यावरून भांडत होतात. त्यांनी माझा हात धरला, तुमचा नाही. मी हो म्हणाले. मी त्यांना समजूत घालायला हो म्हणाले नव्हते. तुम्हाला सगळ्यांना वाटलं तसंच असणार, कारण मी काही म्हटलं की तुम्हाला ते समजूत घातल्यासारखंच वाटतं. रोज सकाळी मी शील घेते ते घर शोभावं म्हणून नाही. उद्या मी तिथं बसेन आणि म्हणेन, मी खोटं बोलणार नाही. कुणाच्या तोंडानं म्हणू? सांगा ना. तुम्ही म्हणाल का माझ्याऐवजी?"

खालच्या रस्त्यावरून पाव विकणाऱ्याची सायकल घंटी वाजवत गेली.

"जाईल ती," सुंदराबाई म्हणाल्या. "ओजसला मी उठवीन. डब्याचं मी बघीन. ज्याला अडवायचं त्यानं मला अडवा." त्यांनी समोरचं ताट जवळ ओढलं आणि दिवसातला पहिला घास घेतला.

चंद्रप्रकाश उठले. "मला हे पटलेलं नाही," ते म्हणाले. "काठीचंही नाही, आणि हेही नाही. बाबांनी काहीही म्हटलेलं असू दे. मला उद्याही पटणार नाही." ते चपला न घालताच खाली गेले. त्यांच्या गाडीचं दार उघडल्याचा आणि बऱ्याच वेळानं बंद झाल्याचा आवाज वर आला. गाडी मात्र सुरू झाली नाही. परत आले तेव्हा ते कुणाशी बोलले नाहीत. बाहेरच्या खोलीत चटई टाकून भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

पहाटे माधुरीनं अंघोळ केली, मेणबत्ती लावली आणि हात जोडले. चौथं शील तिनं न अडखळता म्हटलं. स्वयंपाकघरात सुंदराबाई आधीच उठून कणीक मळत होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, नुसती कानटोपी पुढे केली. गुरुजींची, लोकरीची. माधुरीनं ती पदरावरून घातली. बाहेरच्या खोलीत दीर तसेच भिंतीकडे तोंड करून होते.

तिनं दार उघडलं. चपलांच्या मांडणीला टेकून घुंगुरकाठी उभी होती.

तिच्या वरच्या टोकाला एक मोठा पुरुषी रुमाल घट्ट बांधला होता, घुंगरं आत दाबून. रुमाल मळलेला होता आणि त्याच्या घड्या आता घड्या राहिल्या नव्हत्या. तो काल रात्री बांधलेला नव्हता. इतके महिने गाडीच्या डिकीत खड्ड्याखड्ड्याला ती घुंगरं वाजत असणार, आणि चालवणाऱ्याला ती ऐकवत नसणार.

"गाठ आत्ता सोडू नकोस." अंधारातून आवाज आला. चटईवरचं माणूस वळलं नव्हतं. "बिल्डिंग झोपलीय. रस्त्याला लागल्यावर सोड."

"बरं, दादा."

"मोरीपाशी डाव्या बाजूनं चाल. उजवीकडची कड खचलीय." जरा वेळानं आवाज पुन्हा आला. "मी पाहून आलोय. ते पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तिला वाटलं, काहीतरी बोलावं. पण जे बोलायचं ते सगळं काल बोलून झालं होतं, आणि त्यांना ते पटलेलं नव्हतं. तिनं काठी उचलली. अंदाजापेक्षा जड होती. मुठीपाशी लाकूड गुरुजींच्या तळव्यानं गुळगुळीत झालं होतं.

जिना ती आवाज न करता उतरली. विहाराच्या बंद दारापाशी गुंडाळलेला बॅनर कुणीतरी उभा करून ठेवला होता. रखवालदार खुर्चीत पेंगत होता. मरोळच्या रस्त्यावरचे दिवे जिथं संपतात आणि झाडी सुरू होते, तिथं ती थांबली. गाठ बोटांनी सुटेना, दातांनी सोडवावी लागली. रुमालाला पेट्रोलचा वास येत होता. तिनं तो नीट घडी करून कमरेला खोचला. धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा होता.

मग काठी जमिनीला टेकवली. घुंगरं वाजली, तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठ्यानं. पुढं पाड्यावर, अंधारात कुठंतरी, एक पोरगी दप्तर भरून उंबऱ्यात बसली असेल. माधुरीनं घसा खाकरला, आणि डाव्या बाजूनं चालू लागली.